ब्लँक झालेल्या नटाची पुढची गोष्टही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी पडद्यावर गाजलेल्या ब्रिटिश नटांवरचा लेख वाचला. आवडला. त्यात इयन होम यांच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला म्हातारा बिल्बो. (त्यांच्या आडनावातला ‘ल’ उच्चारत नाहीत. लेखात ‘होल्म’ छापलं गेलंय, तेवढं दुरुस्त व्हावं.) ओळ चुकीची नाही. १९ जून २०२० रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी ते गेले, तेव्हाही बहुतेक ठिकाणी हा बिल्बोच छापून आला होता. टाळेबंदीचे दिवस होते, नाट्यगृहांना कुलपं होती. घरात बसून ती बातमी वाचताना वाटलं होतं, या माणसाची खरी गोष्ट कुणीतरी मराठीत सांगायला हवी. गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे जे घडलं, त्यामुळे आता ती मीच सांगायला बसले आहे.

मी सांगलीची. शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले. गेली ३१ वर्षं आमच्या हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून शब्द देते. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीशेजारी माझं स्टूल असतं. मांडीवर संहितेची वही, हातात छोटी बॅटरी. उजेड रंगमंचावर सांडू नये म्हणून बॅटरीच्या काचेवर बटर पेपर चिकटवलेला. वहीत मी दोन खुणा करते. नट जिथे मुद्दाम थांबतो तिथे लाल पेन्सिलीची उभी रेघ, आणि तालमीत जिथे अडखळतो तिथे निळं टिंब. समोरचा थांबलाय तो पॉज आहे की वाक्य गेलंय, हे ओळखणं म्हणजेच प्रॉम्प्टिंग. पॉजमध्ये शब्द दिला तर प्रसंगाची माती होते, आणि वाक्य गेलेलं असताना गप्प बसलं तर नट एकटा पडतो. ठरवायला दीड-दोन सेकंद मिळतात. पॉज घेतलेल्या नटाचा श्वास चालू असतो. वाक्य गेलेल्याचा श्वास आधी अडतो, मग त्याची नजर समोरच्यावरून सुटते. आणि शब्द द्यायचे तेही पहिले दोनच. अख्खं वाक्य ओतलं तर तो आणखी भांबावतो.

गेल्या दिवाळीनंतरच्या आमच्या प्रयोगात २३ वर्षांची एक मुलगी होती. पहिलीच मोठी भूमिका. दोन महिने तालीम केली तिने, आणि पाठांतर इतकं चोख की दुसरा कुणी अडला तर माझ्याआधी तीच वाक्य सांगायची. दुसऱ्या अंकात तिचं साडेतीन पानांचं स्वगत होतं. पानभर झालं आणि ती थांबली. माझ्या वहीत त्या जागी लाल रेघ नव्हती, निळं टिंबही नव्हतं. मी शब्द दिले. पुन्हा दिले. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिले की पुढच्या रांगेतली माणसं विंगेकडे बघायला लागली. तिच्या हातात पदराचं टोक होतं. ते ती बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग वळली आणि माझ्या स्टुलाला धडकून आत निघून गेली. पडदा पाडावा लागला.

मेकअप रूममध्ये ती मला म्हणाली, “काकू, तुमचा आवाज नीट ऐकू येत होता. पण ते शब्द कुठल्या भाषेतले आहेत तेच मला कळेना.”

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. एका वृत्तपत्राच्या (आपल्या नव्हे) स्थानिक पानावर चार ओळी आल्या, की पाठांतराअभावी प्रयोग कोसळला. पाठांतराअभावी! दोन महिने तिच्यासमोर वही घेऊन बसलेली मी, मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ती मुलगी त्यानंतर तालमीच्या हॉलकडे फिरकलेली नाही. तिला समजावताना मी इयन होम यांचं नाव घेतलं. ती म्हणाली, “म्हणजे बिल्बो ना?”

तर हा माणूस कोण होता ते लिहिते.

जन्म १२ सप्टेंबर १९३१चा, एसेक्समधल्या गुडमेजचा. वडील मनोविकारतज्ज्ञ, आई परिचारिका. आईवडील पुढे वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले आणि तिथल्या हौशी नाट्यमंडळात हा मुलगा शिरला. सुरुवात आमच्यासारखीच, हौशी मंडळातून. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेला असताना तिथून हेन्री बेंटन या नटाशी ओळख निघाली. गावोगाव शेक्सपिअरची नाटकं करणारे हे जुने नट. त्यांनी तयारी करून घेतली आणि १९५० साली लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला. मधे सक्तीची लष्करी नोकरी झाली, ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला. मग अमेरिकेचा एक नाट्यदौरा. शिक्षण पुरं व्हायला १९५३ उजाडलं.

१९५४ साली शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, ‘ऑथेल्लो’मध्ये पहिलं काम मिळालं ते भाला धरून उभं राहण्याचं. बेताची उंची, चेहरा गर्दीत हरवेल असा. नायकाचं रूप नव्हतंच. पण १९५९ साली शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये चार्ल्स लॉटन लिअर राजा झाले, तेव्हा त्यांचा विदूषक म्हणून उभे राहिले इयन होम. त्या विदूषकाकडे मी नंतर येणार आहे. पुढे दिग्दर्शक पीटर हॉल यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली, तिच्यात हे पहिल्या फळीतले नट झाले. १९६३-६४मध्ये तिसरा रिचर्ड, मग पाचवा हेन्री. हेन्रीसाठी १९६५चा ईव्हनिंग स्टँडर्ड पुरस्कार मिळाला.

त्याच १९६५ साली हॅरॉल्ड पिंटर यांचं ‘द होमकमिंग’ लंडनच्या ऑल्डविच थिएटरात आलं. त्यात लेनी या बायकांची दलाली करणाऱ्या, थंड डोक्याच्या मुलाची भूमिका त्यांची होती. तीच त्यांनी न्यूयॉर्कला केली आणि १९६७चं टोनी पारितोषिक मिळवलं. या नाटकावरचा १९७३चा चित्रपट माझ्या भाच्याने मला आणून दिला. त्यात लेनी तेच आहेत, म्हणून मला त्यांचं ते काम बघायला तरी मिळालं. पिंटर संहितेत जागोजागी ‘पॉज’ लिहितात आणि काही जागी ‘शांतता’ लिहितात. या दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रॉम्प्टरला हे सांगायला लागत नाही. एका प्रवेशात रात्री भावाची बायको खोलीत बसली आहे, समोर पाण्याचा ग्लास आहे, आणि लेनी तिच्याकडून तो ग्लास काढून घ्यायला बघतो. ती देत नाही. एवढंच घडतं. मी तो प्रवेश मांडीवर वही घेतल्यासारखी बसून पाहिला. होम थांबतात तेव्हा मान हलत नाही, पापणीही नाही, आणि तरी आत काहीतरी सारखं चालू आहे हे दिसतं. त्या थांबण्यात शब्द द्यायची माझी कधी हिंमत झाली नसती. रिकामा क्षण असा नाहीच त्यात.

आणि हाच माणूस ११ वर्षांनी रंगमंचावर ब्लँक झाला.

साल १९७६. तेच ऑल्डविच थिएटर, तीच रॉयल शेक्सपिअर कंपनी. नाटक यूजीन ओनील यांचं ‘द आइसमन कमेथ’. भूमिका हिकीची. हिकी हा फिरता विक्रेता. न्यूयॉर्कमधल्या एका दारूच्या अड्ड्यावरची सगळी थकलेली माणसं पहिल्या अंकात त्याचीच वाट बघत असतात. तो येईपर्यंत सारखं त्याचंच नाव निघत राहतं. नाटक तासन् तास चालणारं, आणि शेवटाकडे हिकीचं स्वगत आहे, तेही पानंच्या पानं. अधिकृत शुभारंभाआधीचे प्रयोग चालू असताना होम मध्येच थांबले. शब्द गेले. ते रंगमंच सोडून आत गेले आणि त्या भूमिकेत परत आलेच नाहीत. दुसऱ्या नटाला हिकी करावा लागला.

संपादक महाराज, हे सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं झालं नव्हतं. वय ४४, नावावर टोनी, मागे २२ वर्षांचा रंगमंच, पिंटर यांची सगळ्यात अवघड शांतता पेललेली. त्यांचं पाठांतर कच्चं होतं असं म्हणायची कुणाची छाती आहे?

थोर ब्रिटिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांचंही सांगते, कारण ते ऐकून मी बराच वेळ वही मिटून बसले होते. साठच्या दशकात त्यांना रंगमंचाची अशीच भीती बसली. ‘ऑथेल्लो’ करताना ज्या प्रवेशात ते एकटे असत, तेव्हा इयागो करणाऱ्या फ्रँक फिन्ले यांना ते विनवायचे की बाबा, आत जाऊ नकोस, विंगेत मला दिसशील असा उभा राहा. शब्द सांगायला नव्हे, नुसता दिसायला. आमच्या त्या पडलेल्या प्रयोगानंतर मी स्टूल थोडं पुढे ओढून घेतलं आहे, नटाला माझा चेहरा दिसेल एवढं. एकतीस वर्षं मला वाटत होतं की प्रॉम्प्टर कुणाला दिसता कामा नये.

होम यांनी पुढे काय केलं? कॅमेऱ्यासमोर गेले. तिथे वाक्य गेलं तर पुन्हा घेता येतं. १९७९च्या ‘एलियन’मधला अंतराळयानावरचा अधिकारी अ‍ॅश आठवत असेल अनेकांना. त्याच वर्षी हॅम्पस्टेडच्या छोट्या थिएटरात चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’तला डॉक्टर त्यांनी केला. रंगमंचाचा तेवढा एक अपवाद. मग तोही नाही. १९८१ साली बीबीसी रेडिओवर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ झालं, त्यात बिल्बो नव्हे, फ्रोडोचा आवाज त्यांचा होता. रेडिओवर तर कागद हातातच असतो.

आणि १९८१चाच ‘चॅरियट्स ऑफ फायर’. आपल्याकडे हा चित्रपट समुद्रकाठी धावणाऱ्या मुलांसाठी आणि त्या संगीतासाठी लक्षात आहे. मला त्यातला सॅम मुसाबिनी लक्षात आहे. हॅरॉल्ड अब्राहम्स या धावपटूचा प्रशिक्षक, खरोखर होऊन गेलेला माणूस. त्या काळात पैसे घेऊन शिकवणारा प्रशिक्षक हे कमीपणाचं मानत. म्हणून १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने घडवलेला पोरगा १०० मीटर धावतो, आणि चित्रपटात हा मैदानाशेजारच्या हॉटेलच्या खोलीत एकटा बसलेला असतो. शर्यत त्याला दिसत नाही. बंदुकीचा बार ऐकू येतो, गर्दी ऐकू येते. मग खिडकीतून झेंडा वर चढताना दिसतो आणि राष्ट्रगीत सुरू होतं. होम उठून उभे राहतात. टोपी काढतात. पलंगावर बसतात. आणि एकदम त्या गवती टोपीत ठोसा मारतात, मूठ आरपार जाते. डोळे भरलेले. या कामासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं, कान महोत्सवाचं सहायक नटाचं पारितोषिक मिळालं, बाफ्टाही मिळालं. मी तो प्रसंग पाहते तेव्हा मला विंग दिसते. प्रयोग रंगतो तेव्हा टाळ्यांच्या आवाजावरूनच आम्हाला तो कळतो, प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत. आणि रंगमंचापासून दूर राहिलेल्या नटाच्या वाट्याला, मैदानाबाहेर बसलेल्या माणसाची भूमिका यावी, याचं मला अजूनही भरून येतं.

चित्रपट पुढे पुष्कळ झाले. ‘टाइम बँडिट्स’मधला नेपोलियन, ‘मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज’मधला राजाचा डॉक्टर, ‘स्वीट हिअरआफ्टर’मधला वकील. त्यांची यादी आपल्या लेखकांना कुठेही मिळेल.

१९९३ साली पिंटर यांनी नवीन नाटक लिहिलं, ‘मूनलाइट’. लंडनच्या अल्मेडा थिएटरात झालं. त्यात अँडी नावाचा माणूस मृत्युशय्येवर आहे आणि शेजारी त्याची बायको बसलेली. अँडी झाले इयन होम. ब्लँक होऊन विंगेत गेलेला नट १७ वर्षांनी परत आला तो पलंगावर पडून, ज्याची शांतता त्याला सगळ्यात जास्त ठाऊक त्या लेखकाच्या नाटकात, आणि शेजारी एक माणूस बसलेलं. मला हे वाचून वाटलं, परत यायची अशी एक पायरी कुणीतरी मांडून ठेवावी लागते. त्या कामासाठी त्यांना पुन्हा ईव्हनिंग स्टँडर्ड पुरस्कार मिळाला.

आणि मग १९९७. नॅशनल थिएटरच्या कॉटेस्लो या छोट्या नाट्यगृहात, रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली, होम लिअर राजा झाले. वय ६५. जो लॉटन यांच्या लिअरसमोर विदूषक होता, तो ३८ वर्षांनी लिअर. लिअर म्हटलं की आपल्याला कुसुमाग्रजांचा गणपतराव बेलवलकर आठवतो, भरदार, आवाज घुमवणारा. हा लिअर तसा नव्हता. लहानखुरा, चिडका, बोट नाचवणारा बाप. प्रेक्षक अगदी जवळ, चारशे माणसंही मावणार नाहीत एवढी जागा, तोंड लपवायला अंतर नाही. वादळाच्या प्रवेशात अंगावरचे सगळे कपडे त्यांनी उतरवले. बीबीसीने नंतर त्याचं चित्रण केलं, ते मी पाहिलं आहे. त्यात लिअर मध्येच शब्द शोधतो, वाक्य अर्ध्यात सोडतो, मुलींना शाप देताना त्याची जीभ अडते. हे लिअरचं अडखळणं आहे, नटाचं नव्हे. पण शब्द हातातून निसटतात म्हणजे काय होतं, हे त्या नटाला आतून माहीत होतं. मला तरी ते प्रत्येक वेळी दिसतं.

त्यासाठी ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. १९९८ साली ‘सर’ झाले. २००१मध्ये ‘द होमकमिंग’ पुन्हा आलं, तेव्हा त्यांनी लेनी नव्हे, लेनीच्या बापाची भूमिका केली. आणि बिल्बो त्याच वर्षीचा. पुढे ‘हॉबिट’ चित्रपटांच्या वेळी पार्किन्सन्सने शरीर थकलं होतं, न्यूझीलंडचा प्रवास झेपेना, म्हणून त्यांचे प्रसंग इंग्लंडमध्येच चित्रित केले. तो म्हातारा बिल्बो आपण सगळ्यांनी पाहिला. त्याच्या मागे हे सगळं होतं.

माझी आपल्याला विनंती अशी. नाटकाच्या बातमीत ‘वाक्य विसरला’ असं लिहायची वेळ आली, तर जरूर लिहा, घडलं ते घडलं. पण कारण आपल्या पदरचं लिहू नका. पाठांतर नसणं आणि शब्द जाणं यात किती अंतर आहे, ते विंगेत बसलेल्या कुणालाही विचारा, एका मिनिटात सांगेल. पाठांतर नसलेला नट शब्द मिळाला की पुढे जातो. ज्याचे शब्द गेलेत त्याला शब्द देऊन उपयोग होत नाही. आणि मोबाइल उंचावून बसणाऱ्या प्रेक्षकांना सांगते, की तुम्ही तिकीट नाटकाचं काढलं होतंत. नट आत गेला की मोबाइल खाली ठेवा.

आमच्या संस्थेने येत्या पावसाळ्यात दोन पात्रांची एक एकांकिका करायचं ठरवलं आहे. दोन खुर्च्या, मधे टेबल, कुणीच एकटं नाही, स्वगत नाही. त्या मुलीचं नाव मी कलाकारांच्या यादीत पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. ती अजून हो म्हणालेली नाही.

पत्र लांबलं. जागेअभावी आपल्याला ते कापावं लागणार हे मी समजू शकते. माझी वही, बॅटरी, स्टूल सगळं काढलंत तरी चालेल, ‘एलियन’ही काढा. पण १९७६ ठेवलंत, तर त्याच्याखाली १९९३ आणि १९९७ राहू द्या. त्या अंकाची एक प्रत मी तिच्या घरी नेऊन देणार आहे.

आपली नम्र,
एक प्रॉम्प्टर, सांगली